पडदा काळा, हिशेब शाबूत



आज आम्ही बोलणार आहोत ते ग्रामसंघाच्या कपाटात कुलपाआड ठेवलेल्या लॅपटॉपविषयी. कुणाला तो योजनेतून मिळाला, कुणाला एखाद्या संस्थेने दिला, कुणी मसाल्याच्या नफ्यातून जुनाच विकत घेतला. चालतो तोवर त्याची आठवण कुणाला येत नाही. बिघडला की मात्र दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. आता हिशेबाचं काय, आणि बिघडवला कुणी? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला चार दिवसांत मिळालं. दुसऱ्याला महिना लागला, आणि खरं तर त्या दुसऱ्यासाठीच आज आम्ही माइकसमोर बसलो आहोत.

मार्च महिना होता. आमच्या ग्रामसंघात चौदा गट. मार्चअखेर म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. बँकेच्या कर्जमर्यादेचं नूतनीकरण, लेखापरीक्षकाला द्यायचे कागद, कुणाचा हप्ता कुठे अडला त्याच्या याद्या. अशात एका सकाळी आमच्या लिपिकाताईंनी लॅपटॉप चालू केला, तर सुरुवातीला कंपनीचं नाव येतं ना, त्या नावावरच हिरव्या-जांभळ्या उभ्या रेघा. मध्येमध्ये बारीक चौकटी, लुगड्याच्या नक्षीसारख्या. बंद करून परत चालू केला, रेघा वाढल्या. तिसऱ्या खेपेला स्क्रीन पार काळी. पंखा मात्र फिरत होता. कॅप्स लॉकचं बटण दाबलं की त्याचा बारका दिवा लागत होता, परत दाबलं की विझत होता. म्हणजे यंत्र जागं होतं, त्याला बोललेलं कळत होतं, फक्त दाखवता काही येत नव्हतं.

दुपारी बैठक होती. लिपिकाताईंचं मूल दीड वर्षाचं. एक काकी म्हणाल्या, “पोरगं मांडीवर घेऊन टाइप करती, त्यानं दूध सांडलं असंल.” दुसऱ्या म्हणाल्या, “रातच्याला घरी नेती, पिच्चर बघत असतील समदी.” कुणी काही पाहिलेलं नव्हतं. पण बोलणं घरापर्यंत गेलं आणि संध्याकाळी आत्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या सासूबाईंनी, सांगून टाकलं, “मानधन केवढं आणि भरपाई केवढी? उद्यापासून हे काम नको.” चौदा गटांचा हिशेब तोंडपाठ असलेली आमची एकुलती एक लिपिका अशी एका दिवसात घरी बसायच्या बेतात आली.

म्हणून आधी हा बिघाड असतो काय, ते समजून घेऊ.

लॅपटॉपमध्ये चित्र काढणारी चिप असते. तिला ग्राफिक्स चिप म्हणतात. दुकानात ‘ग्राफिक कार्ड’ किंवा ‘जीपीयू’ असंही म्हणतील. बेरीज-वजाबाकी, फाइल उघडणं, साठवणं ही कामं दुसऱ्या चिपा करतात. हिने ते सगळं डोळ्यांना दिसेल असं मांडायचं. ठिपक्यांची रांगोळी समजा. साध्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर आडव्या ओळीत १३६६ ठिपके आणि अशा ७६८ ओळी, म्हणजे दहा लाखांहून जास्त ठिपके. प्रत्येकाचा रंग ठरवायचा आणि ही अख्खी रांगोळी सेकंदाला ६० वेळा नव्याने स्क्रीनकडे पाठवायची. एवढं काम करणारी चिप तापणारच.

आता ही चिप खालच्या पाटीला, म्हणजे मदरबोर्डला, कशाने जोडलेली असते? डाखाने. फुटक्या पितळी भांड्याला डाख लावून आणतो, तसलाच डाख, पण मोहरीहून बारीक थेंबांचा, आणि असे शेकडो थेंब. डाख लावलेलं भांडं रोज तापवलं आणि रोज गार केलं तर एक दिवस डाख सुटतो, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. इथे तेच होतं. चालू केलं की चिप तापून फुगते, बंद केलं की आकसते. चिप फुगते एका मापाने, खालची पाटी दुसऱ्या मापाने, आणि ओढाताण होते मधल्या थेंबांची. वर्षानुवर्षं असं चाललं की कुठेतरी केसाएवढी चीर पडते. चिपच्या पोटातही असेच आणखी बारीक थेंब असतात, पुष्कळदा चीर तिथेच असते. मग रंगाची खबर अर्धवट पोचते आणि स्क्रीनवर रेघा, चौकटी, ठिपके दिसू लागतात. एक दिवस खबर पोचतच नाही.

हे काही आपल्या वापरण्यानेच होतं असं नाही, याला मोठा पुरावा आहे. एनव्हिडिया ही अमेरिकेतली कंपनी ग्राफिक्स चिपांसाठी जगात प्रसिद्ध आहे. जुलै २००८ मध्ये तिने स्वतः जाहीर केलं की आपल्या काही लॅपटॉपच्या चिपा नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत, चिप बसवायला वापरलेलं साहित्य कमकुवत निघालं, आणि दुरुस्तीच्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये अॅपल कंपनीने २०११ ते २०१३ या काळात विकलेल्या आपल्या काही महागड्या लॅपटॉपचा चित्राचा बिघाड फुकट दुरुस्त करून द्यायची योजना काढली. आता सांगा, ते लॅपटॉप वापरणाऱ्या सगळ्यांच्याच मांडीवर दूध सांडणारं पोर होतं काय?

बरं, रेघा दिसल्या म्हणजे ग्राफिक्स चिपच गेली असंही लगेच धरू नका. स्क्रीनची काच बिघडली, स्क्रीनची वायर बिजागरीपाशी दबली, तरी रेघा येतात. हा फरक महत्त्वाचा, कारण वायर स्वस्तात बदलून होते आणि चिपचं काम महागात जातं. दुकानात जायच्या आधी घरच्या घरी बरंच कळतं.

स्क्रीन पार काळी असेल तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी तिरपी धरून बघा. मागे पुसटसं चित्र दिसलं तर चिप चांगली आहे, स्क्रीनच्या मागचा उजेड गेला आहे. लॅपटॉप चालू असताना झाकण हळूच पुढेमागे करा. रेघा कमीजास्त होत असतील तर संशय वायरवर. मग बाहेरची स्क्रीन जोडा. शाळेतला टीव्ही चालेल, ग्रामपंचायतीच्या संगणकाची स्क्रीन चालेल, एचडीएमआयची वायर एखाद्या तरुण पोराकडे सापडतेच. बाहेरच्या स्क्रीनवर चित्र स्वच्छ आलं तर बहुतेक करून दोष लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनमध्ये किंवा वायरमध्ये. तशा वेळी घाबरायचं काहीच कारण नाही, ती बाहेरची स्क्रीन लावून त्याच दिवशी काम सुरू करता येतं. तिथेही त्याच रेघा आल्या, तर गाठ ग्राफिक्सशी. आमच्या बाबतीत ग्रामपंचायतीच्या स्क्रीनवर तीच लुगड्याची नक्षी उमटली.

आणखी एक खूण. सुरुवातीच्या कंपनीच्या नावावर चित्र स्वच्छ आहे आणि विंडोज उघडल्यावरच बिघडतं, तर दोष सॉफ्टवेअरचाही असू शकतो. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. चित्राचं सॉफ्टवेअर तेवढंच नव्याने सुरू होतं, उघडलेली फाइल जात नाही. नावावरच रेघा असतील तर मात्र विंडोजचा संबंध नाही. तेव्हा कुणी “फॉरमॅट मारून देतो” म्हणालं तर लॅपटॉप उचलायचा आणि घरी यायचं. फॉरमॅटने सुटलेला डाख जुळत नाही, आपल्या फायली मात्र जातात.

आम्ही तालुक्याला गेलो तेव्हा पहिल्या दुकानातल्या दादांनी लॅपटॉप उघडलाही नाही. म्हणाले, “मदरबोर्ड गेला ताई. आतलं काही मिळायचं नाही. नवीन घ्या, ह्याचे हजार रुपये देतो.” आमच्या अध्यक्षकाकी चौथी शिकलेल्या आहेत, पण बाजारात म्हैस विकणाऱ्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, “आतलं काहीच मिळत नसंल तर तुम्ही हजार कशाचं देताय?” आणि लॅपटॉप पिशवीत घातला.

आता हे नीट ऐका. फायली ग्राफिक्स चिपवर नसतात. त्या असतात हार्ड डिस्कवर, नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी म्हणतात तिच्यावर. चित्र गेलं तरी डिस्क जशीच्या तशी असते. खोलीतला दिवा गेला म्हणून कणगीतली ज्वारी कुठे जाते? बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क चार-दोन स्क्रू काढून बाहेर येते. तिच्यासाठी बाजारात ‘केसिंग’ नावाची डबी मिळते. डिस्क तिच्यात बसवायची, वायर दुसऱ्या संगणकाला लावायची, की ती मोठ्या पेन ड्राइव्हसारखी उघडते. आम्हाला ही डबी पाचशेच्या आत मिळाली. डब्या दोन-तीन तऱ्हेच्या असतात, म्हणून डिस्क सोबत नेऊनच डबी घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या कारागिराने आमच्या समोर डिस्क काढली, लिपिकाताईंच्या भावाच्या लॅपटॉपला जोडली, आणि चौदा गटांच्या चौदा फोल्डरांची नावं एकाखाली एक दिसली. सगळ्या फायली त्यांनी एकेक करून उघडून पाहिल्या. मगच पाणी प्यायल्या.

दोन अडचणी यात येऊ शकतात. काही स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये साठवणीची चिप पाटीलाच चिकटवलेली असते, ती निघत नाही. तिथे कारागिराची मदत लागतेच. दुसरी अडचण कुलपाची. नव्या विंडोजमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असू शकतं, त्याला बिटलॉकर म्हणतात. अशी डिस्क दुसरीकडे जोडली की ती ४८ आकड्यांची किल्ली मागते. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सुरू केला, त्या खात्यात ती किल्ली बहुधा साठवलेली असते. पण ते खातं कुणाचं? आमच्या ओळखीच्या एका ग्रामसंघात ते खातं लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या पोराच्या नावावर होतं, आणि तो पुण्याला कामाला गेलेला. लॅपटॉप चालू आहे तोवरच हे बघून घ्या, आणि किल्ली वहीत लिहून ती वही पासबुकांच्या पेटीत ठेवा.

डिस्कविषयी आमचा एक हट्टही आहे. तिच्यात आपल्या बायकांची आधार कार्डं आहेत, पासबुकं आहेत, फोटो आहेत, कुणावर किती कर्ज आहे ते आहे. दुरुस्तीला लॅपटॉप ठेवून यायचा असेल तर डिस्क काढून घरी आणायची. चित्राचा बिघाड तपासायला दुकानदाराला आपल्या डिस्कची गरज नसते. दुकानातला माणूस कितीही ओळखीचा असो, वाईट वाटून घेऊ नये, आपण तिजोरीची किल्लीही कुणाकडे ठेवत नाही.

आता दुरुस्तीचं. दुकानात तुम्हाला सांगतील, “चिप गरम करून देतो, चालू होईल.” हे खोटं नाही. गरम हवेच्या यंत्राने चिप तापवली की सुटलेला जोड तात्पुरता भिडतो आणि चित्र येतंही. पण चीर चिपच्या पोटात असेल तर ते पंधरा दिवस टिकतं, कधी दोन-तीन महिने. फायली काढायला दुसरा मार्गच नसेल तर या मुदतीचा उपयोग करून घ्या. पण त्याला दुरुस्ती समजून पैसे मोजू नका. चिप काढून नवीन डाख देऊन परत बसवणं याला रिबॉलिंग म्हणतात. तेही जुन्याच चिपला नवे पाय लावणं आहे, चिप आतून गेली असेल तर नव्या पायांनी ती चालत नाही. नवी चिप किंवा अख्खा मदरबोर्ड बदलणं हा टिकाऊ उपाय, पण जुन्या लॅपटॉपला तो खर्च परवडतोच असं नाही. आमचा हिशेब सोपा आहे. दुरुस्तीचा आकडा तसल्याच वापरलेल्या चांगल्या यंत्राच्या निम्म्या किमतीपुढे गेला की दुरुस्ती सोडायची. आमच्या लॅपटॉपचा आकडा पुढे गेला. म्हणून तो गेला तो गेलाच. त्याच्या जागी वापरलेला, टेबलावरचा संगणक आला. तो कुणाला घरी नेता येत नाही, हा त्यातला तोटा, कारण लिपिकाताईंना आता मूल सोबत घेऊन ऑफिसात यावं लागतं.

सगळ्यांचंच असं होत नाही. शेजारच्या गावात शिवणकामाच्या गटाचा लॅपटॉप नुसती कामं करताना ठीक चालायचा, पण व्हिडिओ लावला की दोन मिनिटांत गोठायचा. त्यात चित्राच्या दोन चिपा निघाल्या, एक मुख्य चिपच्या पोटातली साधी आणि एक वेगळी, जोरकस. बिघाड जोरकस चिपमध्ये होता. कारागिराने डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ती बंद करून ठेवली. आता नक्षीचे मोठे कार्यक्रम त्यावर चालत नाहीत, पण बिलं, हिशेब, अर्ज सगळं होतं, आणि खर्च आला शंभर रुपये. म्हणून कारागिराला आधी विचारा, “दादा, ह्यात ग्राफिक्स किती आहेत?” आणि रॅम काढून, पुसून, परत बसवून बघायला सांगा. रॅम सैल झाली तरी स्क्रीन अशीच काळी राहते, आणि तो बिघाड पाच मिनिटांचा असतो.

आता लिपिकाताईंकडे येऊ.

जिल्ह्याच्या त्या कारागिराने लॅपटॉप आमच्या देखत उघडला होता. दूध किंवा पाणी सांडलं असतं तर पाटीवर डाग, गंज, चिकटपणा दिसतो. तसं काही नव्हतं. आपटल्याची खूण नव्हती. त्याने दुसरी रॅम घालून पाहिली, तरी रेघा तशाच. आम्ही त्याला म्हटलं, “दादा, हे तोंडी नको, बिलावर लिहून द्या.” आधी तो का-कू करत होता, बिलाची काय गरज म्हणाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, हे आम्हाला माहीत होतं. ते गोडीत सांगितलं आणि त्याने लिहिलं: “ग्राफिक्स चिप निकामी. पाण्याची किंवा माराची खूण नाही.” तुम्हाला कुठे असं अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, लिहून ठेवा.

एप्रिलच्या बैठकीत आम्ही ते बिल मोठ्याने वाचलं. डाखाची गोष्ट सांगितली. दूध सांडल्याचं म्हणणाऱ्या काकी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “माझ्या हंड्याचं बी असंच झालं हुतं. मी सुनेलाच बोलले हुते.” सगळ्या हसल्या, पण त्या हसल्या नाहीत. मग ठराव झाला आणि इतिवृत्तात लिहिला. ग्रामसंघाचं कुठलंही यंत्र बिघडलं तर तपासणीचा लेखी कागद आल्याशिवाय ‘कुणी बिघडवलं’ ही चर्चा बैठकीत होणार नाही. यंत्र वयाने किंवा आतल्या दोषाने बिघडलं तर वापरणारीकडून भरपाई घेतली जाणार नाही. ठरावाची एक प्रत लिपिकाताई घरी घेऊन गेल्या. आत्याबाईंनी ती वाचून घेतली, बोलल्या काही नाहीत. लिपिकाताईंचं काम चालू आहे, एवढं आम्ही सांगू शकतो.

यंत्राचं आयुष्य वाढवायचं तर त्याला गार ठेवायचं, एवढंच. लॅपटॉपच्या बुडाशी आणि कडेला हवेच्या जाळ्या असतात. गोधडीवर, उशीवर ठेवून काम केलं की त्या बुजतात. मिरची कांडप आणि पिठाची गिरणी ज्या खोलीत आहे तिथे तर तो ठेवूच नका. तिखटाची बारीक धूळ पंख्यात जाऊन तेलकट थर बसतो, तो फुंकून निघत नाही. वर्षातून एकदा कारागिराकडून पंखा साफ करून घ्यावा आणि चिपवरची उष्णता ओढणारी पेस्ट बदलून घ्यावी. खर्च थोडा आहे.

आणि नक्कल. आमच्याकडे आता दर महिन्याच्या बैठकीनंतर सगळ्या फायली दोन पेन ड्राइव्हवर उतरतात. एक ऑफिसात, दुसरा कोषाध्यक्षांच्या घरच्या ट्रंकेत. कागदी वह्या आम्ही सोडलेल्या नाहीत. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशेबाचं आहे, आणि त्या मार्चमध्ये बँकेत पहिल्या दिवशी आम्ही वह्याच घेऊन गेलो होतो.

राहिला तो मेलेला लॅपटॉप. तो भंगारवाल्याला देऊ नका, त्यातली बॅटरी तर नाहीच. ती चेपली, भोसकली तर पेट घेते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यानुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच अशा वस्तू जायला हव्यात. कंपनीच्या सेवा केंद्रात विचारलं तर ते जमा करण्याची जागा सांगतात. देण्याआधी डिस्क काढून घ्यायला विसरू नका. आमची डिस्क आता डबीत बसून तिसरी नक्कल म्हणून कामाला लागली आहे.

तुमच्या ग्रामसंघात असं काही घडलं असेल तर केंद्रावर कळवा. पुढच्या बुधवारी याच वेळेला आमच्या कृषीसखी ताई शेळ्यांच्या पावसाळी आजारांवर बोलणार आहेत. नमस्कार.